जाळीमागच्या सहा पट्ट्या

पाणीपुरवठ्याच्या मीटरखोलीतून निवृत्त होऊन मास्तरांना दीड वर्ष झालं होतं. मास्तर ते कधीच नव्हते. पण एखादा मीटर पाचाच्या जागी पावणेपाच दाखवायला लागला की ते त्याच्यासमोर असे उभे राहायचे, जणू त्याने गृहपाठच केलेला नाही. त्यावरून नाव पडलं आणि ते चिकटलं. बायको त्यांना ‘अहो’ म्हणे, सून ‘बाबा’, आणि उरलेलं सगळं जग मास्तर.

मुलगा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसे. घरातली एकुलती एक गाडी सुनेच्या कामाची होती. ती फिजिओथेरपिस्ट, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायची. सोमवार ते शुक्रवार रोज नव्वद किलोमीटर, त्यातले साठ हायवेवर. गाडी जुनी होती, पण टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर मोजून मास्तरांनी तिचं अ‍ॅव्हरेज काढून ठेवलं होतं: लिटरला सतरा पूर्णांक एक. हा एक त्यांना खुपत होता. सतराच्या पुढे काहीतरी आहे, आणि ते वाढवता येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

“हाताचा पंजा पसरून खिडकीबाहेर धर,” ते बायकोला सांगत होते. “वारा मागे ढकलतो ना? गाडीच्या नाकावरची जाळी म्हणजे तसा पसरलेला पंजाच. वारा आत शिरतो, रेडिएटरवर आपटतो आणि गाडीला मागे ओढतो. हायवेवर इंजिन थंड ठेवायला एवढा वारा लागतच नाही. तेव्हा जाळी बंद करता आली पाहिजे, आणि गावात गाडी रेंगाळली की उघडता आली पाहिजे.”

“खिडक्या लावल्यासारखं,” बायको म्हणाली.

“अगदी तसंच.”

“मग घरातल्या दोन खिडक्या वर्षभर लागत नाहीयेत. सराव म्हणून आधी त्या करा.”

मास्तरांनी खिडक्या केल्या नाहीत. अंगणातल्या बाकावर त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या सहा पट्ट्या कापल्या, कडा कानशीने गुळगुळीत केल्या, सायकलच्या चाकाचे आरे तोडून प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना कणा म्हणून बसवले. सगळ्या पट्ट्या एका उभ्या सळईला जोडल्या, म्हणजे एक वळली की सहाही वळतील. सायकलच्या ब्रेकची वायर इंजिनाच्या कडेने आत नेली आणि स्टिअरिंगखाली ओढायची एक मूठ बसवली. ओढली की पट्ट्या एकीकडे, ढकलली की दुसरीकडे. वर एक स्प्रिंग, वायर तुटलीच तर पट्ट्या आपोआप उघडाव्यात म्हणून. मुठीशेजारी नखाएवढी पितळी पट्टी, तिच्यावर ठोकून काढलेली दोन अक्षरं: ओढण्याच्या बाजूला उ, ढकलण्याच्या बाजूला आ. नखाएवढ्या जागेत यापेक्षा जास्त काय मावणार?

सोमवारी सकाळी सून बुटांच्या नाड्या बांधत होती, कानाला फोन होता, पलीकडे कुणा आजींची मुलगी आईचा पाय सुजल्याचं सांगत होती. मास्तरांनी तेवढ्यात सांगून घेतलं. “हायवेला लागलीस की बंद. गावात शिरलीस की उघडं. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला तर काही विचार करायचा नाही, उघडं.”

“कळलं बाबा,” ती म्हणाली, आणि फोनमध्ये म्हणाली, “नाही, तुम्हाला नाही. पाय उशीवर ठेवा.”

शुक्रवारी संध्याकाळी पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. मास्तरांनी भागाकार केला, पुसला, परत केला. सोळा पूर्णांक चार.

वाढायचं सोडून कमी झालं होतं.

शनिवारी त्यांनी स्वतः गाडी काढली. सुनेचाच रस्ता धरला, गावात तिच्याइतकंच रेंगाळले, एसीही चालू ठेवला. टाकी भरली, भागाकार केला. अठरा पूर्णांक तीन. हा आकडा पाहून त्यांना जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, कारण आदल्या दिवसाचा आकडा त्याच पानावर, त्याच्या डोक्यावर बसला होता.

दुसऱ्या आठवड्यात सुनेचं सोळा पूर्णांक दोन आलं. शनिवारी मास्तरांचं परत अठराच्या वर. गाडी तीच, रस्ता तोच, पट्ट्या त्याच. सुनेने वहीत प्रामाणिकपणे लिहिलेलं असे: हायवे, बंद. गाव, उघडं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. मास्तरांच्या डोक्याचा भुगा झाला.

“अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जरा हलका ठेवतेस ना?” त्यांनी जेवताना शक्य तितक्या सहज विचारलं.

सुनेने घास खाली ठेवला. “बाबा, कुणाच्या गुडघ्यावर किती जोर द्यायचा, हे मोजण्यात माझा दिवस जातो. माझा पाय हलकाच आहे.”

“नाही, मी आपलं विचारलं.”

“आपलं विचारलं नाहीत. तीन दिवस तुमच्या तोंडावर दिसतंय ते.”

बायको म्हणाली, “गाडीला माणूस कळतो. तुमच्या धाकाने कमी पिते.” यावर सून हसली, आणि मास्तरही हसल्यासारखं करून हात धुवायला उठले.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी सुनेचा फोन आला. ती बाजाराच्या रस्त्यावर अडकली होती, पुढे ट्रकमधून कपाटं उतरवत होते.

“बाबा, काटा वर चाललाय. अर्ध्याच्या पुढे गेला.”

“उघड मग.”

“उघडंच आहे. गावात शिरल्यापासून उघडं आहे.”

उघडं असताना काटा वर जाण्याचं काही कारण नव्हतं. पंखा बिघडला असेल? “पंखा ऐकू येतोय?”

“केव्हाचा. थांबतच नाहीये.”

“मग एसी बंद कर, गाडी कडेला घे आणि...” ते म्हणेपर्यंत मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले आणि फोन तुटला.

संध्याकाळी ती घरी आली ती गाडीची किल्ली टेबलावर ठेवून समोरच बसली. “कडेला घ्यायला जागाच नव्हती. काय करावं सुचेना. म्हटलं, उघडं ठेवून चढतोय ना, मग बंद करून बघू. केलं बंद. दहा मिनिटांत काटा खाली.”

“बंद केल्यावर?”

“बंद केल्यावर.”

“खाली आला?”

“बाबा, मी स्वतः पाहिलं.”

“मग नावं बदला,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. “बंदला उघडं म्हणा आणि उघड्याला बंद. सगळे सुखी.”

मास्तरांना त्या रात्री झोप अशी लागली नाही. वारा बंद केल्यावर इंजिन थंड होतं, हे म्हणजे छत्री मिटल्यावर कोरडं राहण्यासारखं होतं. सकाळी सून न्हाणीघरात असताना ते अंगणात गेले. मूठ उ वर ओढली, पुढे जाऊन गुडघ्यावर बसले: सहाही पट्ट्या मिटलेल्या, काडी जाईल एवढी फट नाही. मूठ आ वर ढकलली, पुन्हा पुढे: पट्ट्या उघड्या, मागचा रेडिएटर दिसतोय. बरोबर. हवं तसंच.

एका कागदावर त्यांनी लिहिलं, ‘गुरुवार, सकाळी आठ, पाहिलं, बरोबर आहे,’ आणि तो शर्टाच्या खिशात घातला. खिशात आणखी एक कागद हाताला लागला. ‘मंगळवार, पाहिलं, बरोबर आहे.’ अक्षर त्यांचंच. मंगळवारी आपण अंगणात आलो होतो का, हे त्यांना आठवेना. आलो असू. नसतो तर लिहिलं कुणी?

त्यांनी दोन्ही कागद बाकावर शेजारी शेजारी ठेवले. आता प्रश्न गाडीचा नव्हता. महिन्यापूर्वी ते रक्तदाब तपासायला एकटेच डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी बोलता बोलता तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवा म्हणाले. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मास्तर न अडखळता दोनपर्यंत खाली आले. डॉक्टर पंचवीस वर्षांत दुसऱ्यांदाच कुणी इतकं खाली आलं म्हणाले. मग विचारलं, मघाचे तीन शब्द? मास्तरांना दोन आठवले. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं, तीन महिन्यांनी या, पुन्हा बघू. घरी मास्तरांनी ‘प्रेशर ठीक आहे’ एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

आता त्यांना वाटायला लागलं की घोडं तिथेच पेंड खातंय. पट्ट्यांत काही बिघाड नाही, सुनेच्या पायात नाही. बिघाड आपल्यात आहे. आपण मधेच केव्हातरी वायर काढून उलटी जोडत असू, परत सुलटी करत असू, आणि विसरत असू. हे शक्य होतं का? शक्य नव्हतं असं छातीठोक सांगता येईना, हीच तर पंचाईत होती.

गॅरेजवाल्याला त्यांनी गाडी दाखवली. त्याने वाकून पाहिलं, मूठ दोनदा ओढली. “मास्तर, काम झकास आहे. काढून टाका.”

“का?”

“कंपनीने दिलं नाही ते नसलेलं बरं.”

हे काही उत्तर नव्हतं. रविवारी त्यांनी बायकोला शेजारी बसवलं, जाळीवर आणि बॉनेटवर तिच्या विणकामातले लोकरीचे तुकडे चिकटवले आणि हायवेला गाडी घातली. बायकोने धागे बघून सांगायचं होतं.

“लाल फडफडतंय. निळं लटपटतंय. पांढरं गेलं.”

“कुठे गेलं?”

“उडून गेलं. माझ्या स्वेटरचं होतं ते.”

मास्तरांनी मूठ ओढली. “आता?”

“आता सगळे निजले. शांत पडलेत बॉनेटवर.”

म्हणजे वारा सरळ वरून जात होता. कल्पना बरोबर होती, पट्ट्या बरोबर होत्या, आणि तरीही सोमवारी ही गाडी सुनेच्या हातात गेली की सगळं उलटं होणार होतं. त्यांना धड आनंदही होईना, धड वाईटही वाटेना.

“उद्या मी तुझ्याबरोबर येतो,” त्यांनी सुनेला सांगितलं.

“या. पण एक अट. वही आणायची, तोंड आणायचं नाही.”

सोमवारी ते शेजारच्या सीटवर पट्टा लावून, मांडीवर वही घेऊन बसले. सून खरंच चांगली चालवत होती. गावाबाहेर पडून हायवेला लागल्यावर तिने वेग वाढवला, आरसा पाहिला आणि म्हणाली, “हं, आता बंद करते.” आणि मूठ आत ढकलली. आ वर.

मास्तरांनी पाहिलं.

बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. आ म्हणजे उघडं. असंच होतं ना? गुरुवारी असंच होतं. पण ती इतक्या सहज, इतक्या खात्रीने म्हणाली होती, बंद करते. जिला एका दिवसात आठ घरांचे पत्ते आणि आठ जणांचे व्यायाम तोंडपाठ, ती चुकेल, की तीनांतला एक शब्द हरवून बसलेला माणूस चुकेल? त्यांनी डोळ्यांसमोर पट्ट्या आणून पाहिल्या. आ वर त्या उघड्या दिसत. मग वाटलं, नाही, मिटलेल्या. मग काहीच दिसेना. वीस किलोमीटर ते त्या नखाएवढ्या पितळेकडे बघत राहिले. तीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांचे मीटर खोटे ठरवले, त्याला स्वतःच्या हाताने ठोकलेलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

पहिल्या पेशंटच्या इमारतीखाली तिने गाडी लावली. मास्तर पट्टा सोडून घाईने उतरले आणि गाडीच्या नाकासमोर बसले. जाळीतून बोट आत घातलं. बोट आरपार गेलं, थेट मागच्या गरम पत्र्याला लागलं.

“बाबा, भाजेल.”

“इकडे ये.” त्यांचा आवाज बदललेला होता. “आ म्हणजे काय?”

“म्हणजे?”

“मुठीपाशी आ लिहिलंय. त्याचा अर्थ काय?”

“आड,” सून म्हणाली. “दार आड करतो तसं. बंद.”

“आणि उ?”

“उघडं. दुसरं काय असणार? तुम्हीच लिहिलंय की.”

मास्तर फूटपाथच्या कडेवर बसले. “उ म्हणजे उभ्या,” ते म्हणाले. “पट्ट्या उभ्या झाल्या की फट मिटते. आ म्हणजे आडव्या. आडव्या झाल्या की वारा आत जातो. पंपहॉलच्या झरोक्यांवर आम्ही हीच अक्षरं घालायचो. तिथे सगळ्यांना कळायचं.”

सून त्यांच्याकडे बघत राहिली, मग जाळीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. “म्हणजे हायवेवर मी रोज उघडं ठेवत होते.”

“हो.”

“आणि बाजारात बंद करून इंजिन शिजवत होते, वर पंखा सारखा चालून इंधन खात होता.”

“हो.”

“आणि माझा पाय जड म्हणत होतात.”

“हो,” मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसायला लागली. वरच्या मजल्यावरून पेशंटच्या मुलीने डोकावून पाहिलं की गाडीपाशी काय चाललंय. सून डोळे पुसत तिला हाताने ‘आले, आले’ म्हणाली.

पण मास्तर हसता हसता थांबले. “मी गाडीत पाहिलं होतं,” ते म्हणाले. “तू आ वर ढकललंस तेव्हाच. आणि बोललो नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी हललंय.” आणि मग, उभी राहिलेली सून परत खाली बसल्यावर, त्यांनी तिला डॉक्टरांकडची गोष्ट सांगितली. वजाबाकी, तीन शब्द, खिशातले दोन कागद, सगळं.

“कुठला शब्द विसरलात?” तिने विचारलं.

“विसरलो तो कसा सांगू?”

ती यावर हसली नाही. “आईंना माहीत आहे?”

“नाही.”

“सांगायला हवं. आणि तीन महिने कशाला थांबायचं, या आठवड्यात जाऊ. मी येते.”

“पण आता कळलं ना, चूक अक्षरांची होती. माझी नव्हती. म्हणजे अक्षरं माझीच, पण विसरण्याची नव्हती.”

“बाबा,” सून म्हणाली, “अक्षरांचं अक्षरांपाशी. मंगळवारच्या कागदाचं वेगळं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.” मग तिने त्यांच्या दंडाला हात लावला. “कदाचित काहीच नसेल. मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. म्हणूनच जायचं.” आणि ती जिने चढून वर गेली.

मास्तर गाडीत बसून राहिले. चूक सापडली होती, आणि ती सापडल्याबरोबर आपण मोकळे होऊ असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तसं झालं नाही. मीटरखोलीत असं कधी होत नसे. तिथे बिघाड सापडला की माणूस चहा प्यायला मोकळा.

बायकोला सांगितलं तेव्हा तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाली, “चष्मा फ्रीजमध्ये मिळाला तेव्हाच मी म्हणणार होते. मग म्हटलं, तुम्हाला राग येईल.”

“आला असता.”

“म्हणून तर.”

डॉक्टरांनी या वेळी बऱ्याच चाचण्या केल्या, रक्त तपासायला पाठवलं. एका जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. इंजेक्शनं लिहून दिली. त्यानेच सगळं होत होतं का, असं सुनेने विचारलं. डॉक्टर म्हणाले, असेल, नसेलही. सहा महिन्यांनी कळेल. मास्तरांना वाटलं, या माणसाला मीटरखोलीत कुणी एक दिवस टिकू दिलं नसतं. पण इंजेक्शनं त्यांनी घेतली.

पितळी पट्टी बदलून त्यांनी मोठी बसवली, तिच्यावर सबंध शब्द: ‘बंद’ आणि ‘उघडं’. सुनेचं पुढच्या आठवड्याचं अ‍ॅव्हरेज अठरा पूर्णांक एक आलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात अठरा पूर्णांक चार. मग एका आठवड्यात, काही कारण नसताना, सतरा पूर्णांक दोन. टायरची हवा बरोबर होती, रस्ता तोच, पट्ट्या तशाच. समोरून वारा असेल. नसेलही. वहीत शेऱ्याच्या रकान्यात मास्तरांनी पेन बराच वेळ टेकवून धरलं आणि लिहिलं, ‘माहीत नाही.’ असा शेरा त्यांनी नोकरीत कधी लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला. विचित्र दिसत होता, पण खोटा नव्हता.

पावाची व्हॅन चालवणारा शेजारी एका सकाळी फाटकापाशी आला. त्याने सुनेकडून ऐकलं होतं. त्याच्याही व्हॅनला असं काही करून मिळेल का, हे विचारायला तो आला होता.

“मिळेल,” मास्तर म्हणाले. “पण किती फरक पडेल, सांगता येणार नाही. तुझं सगळं काम गावातलं. कदाचित काहीच पडणार नाही.”

“मग करायचं कशाला?”

“तेही मला नीट माहीत नाही,” मास्तर म्हणाले. “पण मोजून तर बघू.”

ते व्हॅनच्या नाकासमोर गुडघ्यावर बसले आणि टेप लावला. व्हॅनमधून ताज्या पावाचा वास येत होता. एकसष्ट आणि अर्धा. त्यांनी टेप काढला, पुन्हा लावला. एकसष्ट आणि अर्धाच. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी शेजाऱ्याच्या हातात दिली.

“मी बोलतो,” ते म्हणाले, “तू लिही.”